जिंजीशेजारचे फरासीस

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि पन्हाळा आणि जिंजी ही दोन नावं एका कागदावर आली. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, बारावा थेट तामिळनाडूतला. कोल्हापूरकराला पन्हाळ्याची नवलाई उरलेली नाही. रविवारी पावसात झुणका-भाकरी खायला तो तिथे जातोच. जिंजी मात्र त्याच्यासाठी चौथीच्या इतिहासात राहून गेली होती. ती आता सहलीच्या यादीत आली आहे. सोयही आहे, कारण दादरहून पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्स्प्रेस मिरजेला थांबते. पुदुच्चेरीत उतरायचं, सत्तरेक किलोमीटरवरची जिंजी बघायची आणि उरलेला दिवस 'पाँडी'त घालवायचा, असा एकूण बेत असतो.

त्या उरलेल्या दिवसात दिसतं ते ठरलेलं. समुद्राकाठचा लांबलचक रस्ता, पिवळ्या आणि पांढऱ्या भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल, लाल टोपीचे पोलीस, तमिळ आणि फ्रेंच अशा दोन भाषांतल्या निळ्या पाट्या. एका भिंतीपुढे फोटो काढून होईपर्यंत दुसरी मंडळी मागे रांगेत उभी असतात. कॉफीचं बिल बघून कुणीतरी राजारामपुरीतल्या चहाचा भाव काढतं. संध्याकाळी गाडी, आणि घरी आल्यावर 'छोटं फ्रान्स बघून आलो.'

एक तर ते छोटं फ्रान्स नव्हे. दुसरं म्हणजे त्या भिंती दिसतात तितक्या जुन्या नाहीत. इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकली ती १६ जानेवारी १७६१ रोजी. तारीख वाचून मराठी माणूस थबकेल. पानिपत १४ जानेवारीचं. म्हणजे सदाशिवराव भाऊंचं सैन्य कापलं गेलं, त्यानंतर दोन दिवसांत दीड-दोन हजार किलोमीटर दक्षिणेला फ्रेंचांचंही हिंदुस्थानातलं नशीब फिरलं. भाऊंच्या फौजेत कवायती पलटणी घेऊन उभा असलेला इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनानी ब्यूसीच्या हाताखाली तयार झालेला. इंग्रजांनी पाँडिचेरी नुसती जिंकली नाही, तटबंदीसह बहुतेक शहर पाडून जमीनदोस्त केलं. १७६३ च्या तहानंतर फ्रेंचांना परत मिळाले ते बहुतांशी ढिगारे. आज ज्या गल्ल्यांना आपण जुन्या म्हणतो त्या त्यानंतर उभ्या राहिल्या. रस्त्यांची सरळ चौकटही मूळची फ्रेंचांची नाही. १६९३ ते १६९९ या काळात शहर डचांकडे होतं, तेव्हाच्या आखणीवर ती बेतलेली आहे.

डचांकडे ते कसं गेलं, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की पाऊल थेट कोल्हापूरच्या गादीच्या मूळ पुरुषापाशी येऊन थांबतं.

पण आधी फ्रांस्वा मार्तँ. पॅरिसचा हा माणूस तरुणपणी किराणा मालाच्या दुकानात नोकरीला होता. १६६५ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढून तो मादागास्करला गेला, तिथून सुरत, मछलीपट्टण असं करत १६७४ च्या सुरुवातीला पाँडिचेरीच्या वाळूत येऊन बसला. ही जागा विजापूरचा सरदार शेरखान लोदी याने फ्रेंचांना दिलेली. मार्तँकडे माणसं मोजकी, पैसा त्याहून कमी, आणि मायदेशाला त्याची आठवण क्वचितच. त्याने एक गोष्ट मात्र निष्ठेने केली. जे बघितलं, ऐकलं, ते लिहून ठेवलं. त्याच्या आठवणींचे तीन खंड १९३०च्या दशकात पॅरिसहून छापून आले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दक्षिणेविषयी, आणि त्यातही मराठ्यांविषयी इतका जागता साक्षीदार दुसरा मिळणं कठीण.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकात उतरले. जिंजी घेतली, शेरखान लोदीचा पाडाव केला. आता आपलं काय, या काळजीने मार्तँने झेर्मँ नावाचा आपला माणूस महाराजांकडे पाठवला. कोळ्ळिडम नदीच्या काठी त्याने जी छावणी पाहिली तिचं वर्णन मार्तँने नोंदवून ठेवलं आहे. लवाजमा नाही, बायका नाहीत, सामानाचे डोंगर नाहीत. सगळ्या तळावर तंबू दोनच, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान. एक महाराजांचा, दुसरा प्रधानाचा. मोगलांच्या आणि विजापूरकरांच्या चालत्या शहरांसारख्या छावण्या बघितलेल्या डोळ्यांना हे अजब वाटलं असणार. महाराजांनी फ्रेंचांना अभय दिलं आणि पाँडिचेरी तगली.

बारा वर्षांनी, १६८९ च्या नोव्हेंबरात राजाराम महाराज जिंजीत पोहोचले. रायगड, पन्हाळा, मग वेशांतर करून केलेला कर्नाटकातला प्रवास, हा भाग मराठी वाचकाला पाठ आहे. जिंजीतल्या पुढच्या आठ वर्षांचा भाग मात्र आपण युद्धाच्या बातमीसारखा वाचतो. झुल्फिकारखानाचा वेढा, संताजी-धनाजी आणि शेवटी महाराजांची सुटका. या आठ वर्षांत राजधानी चालवायला पैसा लागत होता. तो कुठून येई? एक वाट समुद्राकाठच्या टोपीकरांकडून, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांकडून. मार्तँला पाँडिचेरीभोवती तटबंदी घालायची मुभा मिळाली ती मराठ्यांकडून. नजराणे, कर्जं, परवाने यांची देवघेव चालू राहिली. डचांनी राजाराम महाराजांपुढे पैशाची थैली ठेवून पाँडिचेरी मागितली, तेव्हा फ्रेंचांनी ती रीतसर घेतली आहे असं सांगून महाराजांनी प्रथम नकार दिला, असं फ्रेंच बाजूचे इतिहासकार आदराने लिहितात. पुढे वेढ्याची तंगी वाढली आणि सौदा झाला. १६९३ मध्ये डचांचं आरमार पाँडिचेरीपुढे येऊन उभं राहिलं. मार्तँ थोडे दिवस लढला आणि शरण गेला. युरोपातल्या रिजविकच्या तहानंतर १६९९ मध्ये शहर परत हातात आलं तेव्हा त्याने आयुष्यभराचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिथेच १७०६ च्या शेवटच्या दिवशी तो वारला.

राजाराम महाराज जिंजीत असताना इकडे विशाळगडावरून राज्याचा गाडा ओढत होते ते रामचंद्रपंत अमात्य. गगनबावड्याच्या बावडेकरांचे हे पूर्वज. महाराजांच्या पश्चात ताराराणींनी पन्हाळ्यावर गादी थाटली, मग ती राजसबाईंच्या मुलाकडे, दुसऱ्या संभाजीराजांकडे गेली, आणि त्यांच्यासाठी १७१५ च्या सुमाराला 'आज्ञापत्र' लिहिलं गेलं. त्यात टोपीकरांवर एक प्रकरणच आहे आणि फरासीसांचं, म्हणजे फ्रेंचांचं, नाव त्यात स्वच्छ आहे. सांगणं असं की हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत. मागे प्रत्येकाचा राजा आहे, जागा मिळाली की ते हटत नाहीत. त्यांनी यावं, व्यापार करावा, जावं. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्राकाठी, खाडीवर देऊ नये. आत, दूर द्यावी. पक्कं बांधकाम करू देऊ नये.

पाँडिचेरी या प्रत्येक सूचनेच्या बरोबर उलट आहे. समुद्राच्या तोंडाशी वसलेली, तटबंदीची, आणि आपल्याच परवान्याने उभी. अमात्यांना जिंजीचे व्यवहार ठाऊक असणारच. ते प्रकरण लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोकणची किनारपट्टी तर होतीच. चोळमंडळाची वाळूही असावी, असं वाटल्याशिवाय राहत नाही. पुरावा नाही, तर्क आहे. तरी त्या प्रकरणात एक उणीव जाणवते. टोपीकर कसे वागतात हे त्यात पक्कं टिपलं आहे. त्यांच्या आसऱ्याला जी आपली माणसं राहिली, विणकर, दलाल, शिपाई, त्यांचं काय, हा प्रश्न त्यात येत नाही. राज्यकारभाराच्या ग्रंथाकडून ती अपेक्षा करू नये हे खरं. पण पुढच्या मराठी लिखाणातही पाँडिचेरी आली ती बहुधा एखाद्या मोहिमेच्या ओळीत, फाटकाबाहेरूनच.

फाटकाबाहेरचा सगळ्यांत रंगतदार प्रसंग रघूजी भोसल्यांचा. १७४० मध्ये नागपूरकर रघूजी आणि अक्कलकोटचे फत्तेसिंग भोसले यांनी अर्काटच्या नवाबाला दमालचेरीच्या घाटात लोळवलं. नवाबाचं आणि त्याचा जावई चंदासाहेब याचं कुटुंब दागदागिन्यांसह पाँडिचेरीत जाऊन बसलं. रघूजींनी फ्रेंच गव्हर्नर द्यूमाला निरोप धाडला, खंडणी पाठवा, चंदासाहेबाची बायकामुलं हवाली करा. द्यूमाने कळवलं की आमच्या देशात सोनं-रुपं पिकत नाही. लोखंड आणि शिपाई पिकतात. मग मराठी वकिलाला बोलावून त्याने तोफा, दारूगोळा, कवायत सगळं फिरवून दाखवलं आणि जाताना नांत शहरच्या गोड मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. वकिलाने त्या रघूजींना दिल्या, रघूजींनी राणीवशात. तिथे त्या इतक्या पसंत पडल्या की आणखी हव्यात असा हट्ट सुरू झाला. आणखी तीसेक बाटल्या आल्या आणि खंडणीचा विषय मागे पडला, अशी ही कथा मॅलेसनसारख्या इंग्रज इतिहासकारानेही मिटक्या मारत सांगितली आहे. तिच्यात मीठमसाला किती हे रघूजींनाच ठाऊक. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला आला आणि त्रिचनापल्लीच्या किल्ल्यावर नेमला गेला मुरारराव घोरपडे. कागल तालुक्यातल्या कापशीच्या घोरपड्यांचं जे घराणं, त्याच विस्तारातला हा गुत्तीकर. पुढची दहा-पंधरा वर्षं मुरारराव कधी फ्रेंचांच्या बाजूने, कधी इंग्रजांच्या बाजूने घोडदळ फिरवत राहिला. पुढचा फ्रेंच गव्हर्नर द्युप्ले याच्या स्वप्नांचा आणि त्यांच्या मोडतोडीचा तो हिस्सेदारच म्हणायचा.

शहराच्या आत काय चाललं होतं हे मात्र एका तमिळ माणसाने लिहून ठेवलं. आनंद रंग पिळ्ळै हा द्युप्लेचा दुभाषी आणि व्यापारातला मध्यस्थ. सप्टेंबर १७३६ पासून मरेपर्यंत, म्हणजे शहर पडायच्या चार दिवस आधीपर्यंत, त्याने तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. १८४६ मध्ये ती पुन्हा उजेडात आली आणि तिचं इंग्रजी भाषांतर बारा खंडांचं झालं. जहाज कधी लागलं, कापडाचा भाव काय, कुणाला किती बाकी, शकुन कसा झाला, साहेबाने आज काय विचारलं आणि आपण मखलाशी करून काय उत्तर दिलं, सगळं तपशिलात. द्युप्लेचं त्याला कौतुक. मादाम द्युप्लेशी मात्र उभा दावा. १७४८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्याच्या धामधुमीत फ्रेंचांनी वेदपुरीश्वराचं देऊळ पाडलं, तो प्रसंग तो लिहितो तेव्हा त्याचा हताशपणा ओळीओळीत उतरतो. तिथल्या लोकांनी मुकाट्याने बघितलं असं नाही. जातीजातींचे प्रमुख त्याच्याकडे आले, वाद झाले, शेवटी कुणाचं काही चाललं नाही. 'छोटं फ्रान्स' म्हणणाऱ्याने ही पानं एकदा वाचावीत.

पिळ्ळैचं घर कालव्याच्या अलीकडे, तमिळ वस्तीत, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर अजून उभं आहे. तळमजला चौसोपी, कोरीव लाकडी खांबांचा. वरचा मजला गोल पांढऱ्या खांबांचा, फ्रेंच धाटणीचा. कोल्हापूरकराला खालचा चौक ओळखीचा वाटेल. सहलीची गाडी बहुधा या बाजूला वळतच नाही. कालव्याने शहराचे दोन भाग केले होते. समुद्राकडचा गोऱ्यांचा, आतला काळ्यांचा. नावंही तशीच, उघड. आपले प्रवासी अजूनही पहिल्याच भागात फिरतात. तमिळ वस्तीतल्या घरांना रस्त्याकडे ओसरी असते, तिण्णै म्हणतात तिला. वाटसरूने टेकावं म्हणून बांधलेली. इथे बसलं की गाव बोलायला लागतं.

गावाला सांगण्यासारखं बरंच आहे. १८७३ मध्ये पोन्नुतंबी पिळ्ळै नावाचा तमिळ वकील पायात युरोपीय बूट घालून पाँडिचेरीच्या कोर्टात उभा राहिला. स्थानिक माणसाने कोर्टात पादत्राण घालायचं नाही असा दंडक. त्याच्यावर कारवाई झाली. तो पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत लढला आणि जिंकला. पुढे १८८१ मध्ये फ्रेंच सरकारने हुकूम काढला की हिंदुस्थानी माणसाने आपला जातीधर्माचा व्यक्तिगत कायदा सोडला तर त्याला फ्रेंच नागरी कायदा लागू होईल, आणि त्याने आडनाव घ्यायचं. पोन्नुतंबी त्यात पुढे. त्याने नाव घेतलं लापोर्त. त्याच्यामागून अनेक जण गेले, त्यात ख्रिस्ती झालेले दलित मोठ्या संख्येने होते. म्हणून आज पाँडिचेरीत तमिळ चेहऱ्याच्या, तमिळ बोलणाऱ्या आणि फ्रेंच आडनावाच्या घरांचा पत्ता लागतो. कायदा बदलला तरी जात लगेच सुटली नाही. मतदारांच्या याद्या वेगवेगळ्या राहिल्या आणि त्यांच्या जोरावर उच्चवर्णीय पुढाऱ्यांनी दीर्घकाळ राजकारण हातात ठेवलं. कोल्हापूरच्या वाचकाला इथे २६ जुलै १९०२ आठवेल. शाहू महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखल्या तो दिवस. एकीकडे समतेचा जाहीरनामा मिरवणारं प्रजासत्ताक, दुसरीकडे इंग्रजांच्या देखरेखीखालचं एक संस्थान. जातीला नेमका हात कुणी घातला याची तुलना केली तर संस्थानाचं पारडं जड भरतं.

फ्रेंच कायद्याने दिलं तेही थोडं नव्हतं, फक्त मागून घ्यावं लागलं. ३० जुलै १९३६ रोजी सावाना गिरणीतल्या संपावर गोळीबार होऊन बारा कामगार मेले. व्ही. सुब्बय्या यांच्या पुढाकाराने लढा पॅरिसपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी आठ तासांचा दिवस मंजूर झाला. ब्रिटिश हद्दीतल्या गिरण्यांत तो यायला आणखी काही वर्षं लागली. इचलकरंजीच्या मागावर दोन पिढ्या घालवलेल्या माणसाला समुद्राकाठच्या फोटोपेक्षा त्या गिरणीच्या आवारात जास्त काही सापडेल.

विलीनीकरण शांतपणे झालं, गोव्यासारखं नाही. १८ ऑक्टोबर १९५४ ला कीळूर या खेड्यात लोकप्रतिनिधींनी मतदान केलं. १७० बाजूने, ८ विरुद्ध. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. कायदेशीर शिक्कामोर्तब मात्र १६ ऑगस्ट १९६२ चं, कारण फ्रान्सच्या संसदेने अल्जिरियाचं प्रकरण मिटेपर्यंत १९५६ च्या विलीनीकरणाच्या तहाला हात लावला नाही. तहात एक सोय होती. इथे जन्मलेल्या, इथेच राहणाऱ्या माणसाला सहा महिन्यांत लेखी कळवून फ्रेंच नागरिक राहता येईल. पाच हजारांच्या आसपास लोकांनी ते कळवलं. त्यांत फ्रेंच सैन्यातून इंडोचायनात, अल्जिरियात लढून आलेले तमिळ शिपाई पुष्कळ. त्यांना गावात सोल्दा म्हणतात. १४ जुलैला पदकं लावलेले म्हातारे आणि आता त्यांची मुलं-नातवंडं युद्धस्मारकापाशी जमतात, आणि तिथे फ्रान्सचं राष्ट्रगीत आणि 'जन गण मन' दोन्ही होतात. फ्रान्सच्या अध्यक्षाची निवडणूक लागली की पुदुच्चेरीत मतपेट्या मांडल्या जातात आणि वेष्टी नेसलेले मतदार रांगेत दिसतात.

स्वयंपाकघर बघायचं तर वडगम बघावं. कांदा, लसूण, उडदाची डाळ, मोहरी, मेथी एकत्र कुटून, गोळे वळून कडक उन्हात दिवसेंदिवस वाळवतात, वर एरंडेलाचा हात. आपल्या सांडग्यांचं आणि कांदा-लसूण मसाल्याचं मधलं भावंड. फ्रेंच घरांतल्या तमिळ स्वयंपाक्यांच्या हातून हे फ्रान्सला गेलं आणि 'वदूवाँ' नावाने तिथल्या महागड्या खानावळीत मिरवू लागलं. पुदुच्चेरीच्या बाजारात ते किलोवर मिळतं. माशाच्या कालवणाला फोडणीत एक गोळा पुरतो.

आणि फ्रेंच भाषा? १९५६ च्या तहात लिहिलं आहे की लोकांनी निवडलेले प्रतिनिधी वेगळं ठरवत नाहीत तोवर फ्रेंच ही राज्यकारभाराची भाषा राहील. रोजचं कामकाज आता तमिळ आणि इंग्रजीत होतं. याच केंद्रशासित प्रदेशातल्या माहेला मल्याळम, यानमला तेलुगू. फ्रेंच उरली आहे ती १८२६ पासून चालणाऱ्या लिसे फ्रान्सेच्या वर्गांत, कौन्सुलेटच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांत. नव्या पिढीला फ्रेंच पारपत्राचा अर्थ वेगळा आहे. त्यावर पॅरिसला जाता येतं, जिथे गार दू नोर स्थानकामागच्या गल्ल्यांत तमिळ दुकानांच्या पाट्या आहेत. त्यामुळे पुदुच्चेरीत लग्न जमवताना पत्रिका, शिक्षण आणि पगार यांच्या जोडीला मुलाकडे किंवा मुलीकडे फ्रेंच नागरिकत्व आहे का हेही विचारलं जातं, आणि असेल तर हुंड्याचा आकडा त्याप्रमाणे वर सरकतो.